जबड्यातलं जहाज

जहाजवाले काकांच्या प्रत्येक विमानातली खुर्ची गुलाबी असायची. विमान लष्करी असो, टपालाचं असो, त्याच्या अंगावर हिरवा, करडा कुठलाही रंग असो, वैमानिक मात्र हिरडीच्या रंगाच्या खुर्चीत बसलेला. खरं तर ती हिरडीच होती. काका कवळ्या बनवायचे आणि फावल्या वेळात डब्यातले तुकडे जोडून विमानांची छोटी मॉडेलं. दातांचे डॉक्टर मापं घेऊन त्यांच्याकडे पाठवत आणि काका वरची-खालची बत्तिशी तयार करून देत. जुन्या मॉडेलच्या डब्यात एखादा तुकडा हमखास हरवलेला असे, बहुतेक वेळा खुर्चीच, कारण ती सगळ्यात लहान. मग कवळीच्या हिरडीचा उरलेला गुलाबी मसाला हाताशी असायचाच, त्याचीच खुर्ची घडे. इतका जीव टाकून बाकीचं सगळं रंगवणारा माणूस खुर्ची का रंगवत नाही, असं मी एकदा विचारलं. "बसाची जागा नरम दिसाले पायजे," काका म्हणाले.

गोंदियात विमानाला विमान म्हणणारं माणूस मला क्वचितच भेटलं. वरून आवाज आला की बाजारातला हिंदी बोलणारा शेटजी आणि खेड्यातून आलेला धानवाला दोघेही मान वर करून 'जहाज' म्हणतात. त्यामुळे काकाही जहाजवाले. 'कवळीवाले' असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही, आणि निम्म्या गावाच्या तोंडात काकांचा माल होता हे लक्षात घेतलं तर त्यामागचं कारणही समजतं.

लग्नानंतर मला तिथल्या शाळेत नोकरी लागली आणि आम्ही त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो. किल्ली घ्यायला मी खालच्या खोलीत डोकावले तर टेबलावर एका ओळीत कवळ्या, त्यांच्याशेजारी पंख, चाकं, पंखे आणि नखाएवढा एक वैमानिक. मी दारातच थबकले. काका भिंगातून वर न बघता म्हणाले, "या मास्तरीणबाई. घाबरू नोका, यातलं काईच चावत नाई." तेव्हापासून मी त्यांची मास्तरीणबाई झाले ती कायमची. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

डबे यायचे कलकत्त्याहून. काकांचे एक मित्र रेल्वेत गार्ड होते. तिकडच्या जुन्या बाजारात त्यांना अशी खोकी सापडत. कुणाच्या तरी बालपणी आणलेली, अर्धवट जोडून सोडून दिलेली, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. काका डबा उघडायच्या आधी तो कानाशी धरून हलवत आणि आवाजावरून काय काय कमी आहे याचा अंदाज बांधत. तो बहुधा चुकायचा, पण त्यामुळे त्यांचा उत्साह कमी होत नसे. आतली, विमानावर चिकटवायची, पिवळी पडलेली चिन्हं ते खिडकीच्या काचेवर उन्हात चिकटवून ठेवत, म्हणजे पिवळेपणा उडतो. त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यांच्या खिडकीत कायम कुठल्या तरी परक्या देशाच्या हवाई दलाच्या खुणा दिसत. एकदा गार्डसाहेबांनी अगदी कोरा करकरीत, एकही तुकडा न हरवलेला डबा आणला. काका त्याच्याकडे जरा नाराजीनेच बघत होते. "सगळंच हाय यात. मंग आमी काय कराचं?"

जहाजं फक्त जुनी, दोन पंखांची. एकावर एक पंख, मधे बारीक खांब आणि खांबांमधून ताणलेल्या तारा. एकाच पंखाच्या नव्या विमानांविषयी त्यांचं मत चांगलं नव्हतं. "त्यात कायची कला? सरळ लाकडाची पट्टी ठोकली का झालं." दुपंखी विमानात वरचा पंख बसवणं ही सगळ्यात मोठी परीक्षा असते. तो केसभर तिरपा झाला तरी विमान लकवा मारल्यासारखं दिसतं. काकांनी त्यावर काढलेला उपाय जगात दुसऱ्या कुणी काढला असेल असं मला वाटत नाही. वरचा आणि खालचा दात नीट जुळतोय का हे बघायला कवळीवाल्यांकडे जबड्यासारखी उघडमीट करणारी एक पितळी चौकट असते. काका खालचा पंख खालच्या जबड्यात, वरचा पंख वरच्या जबड्यात प्लास्टरने बसवत आणि हळूच मिटवत. "चावा बसला पायजे," हे त्यांचं पालुपद. चावा बसला की डिंक वाळेपर्यंत जहाज तिथेच, जबड्यात.

आता अशी चौकट त्यांच्याकडे एकच चांगली होती. एकदा राइस मिलचे एक शेटजी घरात लग्न काढून बसले होते आणि त्यांची कवळी काही केल्या तयार होईना. शेवटी ते स्वतःच आले. "भैया, मेरे दाँत कहाँ हैं?"

"दाँत तयार हैं सेठजी, जबड़ा खाली नहीं है," काकांनी शांतपणे सांगितलं.

शेटजींनी वाकून पाहिलं. पितळी जबड्यात एक लालभडक जहाज बसलेलं. ते बोळक्या तोंडाने इतके हसले की काकू आतून धावत आल्या. मग शेटजी चहा पिऊन, जहाजाकडे बघत बराच वेळ बसून गेले आणि दुसऱ्या दिवशी कवळी न्यायला परत आले. काकांनी ती त्यांच्या तोंडात बसवली आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "अब हँसके दिखाओ." बाकीचे लोक कवळी बसली की चावून बघायला सांगतात. काका हसून दाखवायला सांगत. चावता कुणालाही येतं, असं त्यांचं म्हणणं.

आणि आता काकू. काकांच्या जहाजांच्या तारा म्हणजे काकूंचे केस होते. हे मी अलंकारिक भाषेत सांगत नाही. काकूंचे केस कमरेपर्यंत लांब आणि पांढरेशुभ्र होते. दुपारी पायरीवर बसून त्या विंचरत आणि कंगव्यात आलेली गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून एका पत्र्याच्या डब्यात टाकत. केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत आली की इतर बायका आपापल्या गुंतवळी घेऊन धावत. काकू जागच्या हलत नसत. "माह्या जहाजाले लागते," म्हणून तिला वाटेला लावत. मग काका त्यातला एकेक केस सोडवून, चिमट्यात धरून, श्वास रोखून दोन पंखांमधे ताणून बसवत. उन्हात धरलं की तो अगदी पोलादाच्या तारेसारखा चमके. घरी आलेल्या पाहुण्यांना काका विमानाचा सगळा इतिहास ऐकवत आणि शेवटी काकू एका वाक्यात त्यावर पाणी फिरवत, "माह्या केसावर उभे हायेत सारे."

दोघांचं भांडण झालं की काकू डोक्याला घट्ट फडकं बांधत आणि डबा कपाटात टाकून किल्ली कमरेला खोचत. मग खालच्या खोलीत बिनतारांची जहाजं ताटकळत. काका एक-दोन दिवस कवळ्याच करत, मग मुकाट्याने जाऊन काकूंना आवडणारी जिलेबी घेऊन येत. फडकं सुटे. असला संप मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही, आणि तो दरवेळी यशस्वी होत असे.

एकदा आम्ही तिघं नागऱ्याला महादेवाचं दर्शन घेऊन तसेच पुढे बिरसीच्या धावपट्टीकडे गेलो, खरं जहाज बघायला. कुंपणाबाहेर उन्हात उभे राहिलो. एक छोटं विमान उतरलं. काकू डोळ्यांवर हात धरून बघत होत्या. "याले तारा कुठं हायेत?" त्यांनी विचारलं. नव्या जहाजाला नसतात, काकांनी सांगितलं. "मंग कोणाच्या भरवशावर उडून राहिलं हे?" परत येताना रिक्षात काका मधेच स्वतःशी हसत होते.

गार्डसाहेबांनी निवृत्त होण्याआधी आणलेला शेवटचा डबा काकूंनी स्वतः निवडला. त्यात दोन खुर्च्यांचं जहाज होतं, एकामागे एक. "हे आपलं," त्या म्हणाल्या. "समोर तुमी, मांग मी." काकांनी ते मनावर घेतलं. मागच्या वैमानिकाच्या डोक्यावर गुलाबी मसाल्याचा टाचणीच्या डोक्याएवढा अंबाडा चढवला, तो पांढरा रंगवला आणि अंगावर काकूंच्या आवडत्या लुगड्याचा हिरवा रंग दिला. काकूंनी भिंगातून बघून फक्त कुंकू राहिल्याची तक्रार केली. तेही लावलं गेलं. वरचा पंख बसला, चावा जुळला. तारा तेवढ्या राहिल्या होत्या, आणि तेव्हाच काकू गेल्या. सकाळी छातीत कळ आली, दुपारी संपलं.

दिवस उरकेपर्यंत काकांच्या बहीणबाई तिरोड्याहून येऊन राहिल्या. घर त्यांनीच सावरलं. त्या आवराआवरीत त्यांना केसांचा डबा सापडला. गेलेल्या बाईचे केस घरात ठेवू नयेत, हे त्यांना लहानपणापासून माहीत. जे अस्थी वैनगंगेत सोडायला गेले, त्यांच्याबरोबर त्यांनी ते केसही पाठवून दिले. भावाचं भलं व्हावं म्हणूनच. काकांना ते मागाहून कळलं. मी तिथेच होते. ते रिकाम्या कपाटासमोर उभे होते. बहीणबाई घाबरून म्हणाल्या, "काऊन गा, माह्यं काई चुकलं का?" काकांनी कपाटाचं दार लावलं. "नाई बाई," ते म्हणाले. "बरं केलं." आणि खालच्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं. मी जिन्यात बसून रडले.

त्यानंतर ते जहाज पितळी जबड्यातून बाहेर आलंच नाही. काकांनी कवळ्यांसाठी दुसरी जुनी चौकट दुरुस्त करून घेतली. शेटजींनी कुठूनसा बारीक नायलॉनचा दोरा पाठवला, काकांनी तो कौतुकाने ठेवून घेतला आणि वापरला नाही. हिवाळ्यात ट्रंकेतून काकूंचा स्वेटर निघाला, त्यात एक केस अडकलेला होता. तो त्यांनी मागच्या खुर्चीशेजारच्या दोन खांबांत ताणून बसवला. एवढी एक तार. बाकी जहाज उघडं.

मी माझे केस देऊ केले. तेव्हा माझी वेणी चांगली जाड होती. काकांनी एक केस उन्हात धरून पाहिला आणि मान हलवली. "तुमचे काळे हायेत मास्तरीणबाई. तिच्या तारेजवळ शोभाचे नाईत. पिकू द्या. मले घाई नाई."

पुढे माझी बदली अर्जुनी मोरगावला झाली. कधी जमेल तेव्हा मी बल्लारशाहून येणारी गाडी पकडून गोंदियाला जायची. गेलं की काका आधी माझ्या भांगाकडे बघत. "काई नाई अजून?" "नाही काका." "असू द्या. मेंदी मात्र लावू नोका." बायका पांढऱ्या केसाच्या नुसत्या भीतीने अर्ध्या होतात. मी आरशासमोर उभी राहून त्याची वाट बघत होते. कारण दर भेटीत काका जास्त वाकलेले दिसायचे, हात जास्त थरथरायचा, आणि माझे केस आपले ढिम्म काळे. स्वतःच्या तरुणपणाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

पिकायला लागले तेव्हा भराभर पिकले. मी पुरेसे केस साठेपर्यंत थांबले आणि मिठाईच्या डब्यात ठेवून घेऊन गेले. काका अंथरुणावर होते. सोबतीला राहायला आलेल्या पुतण्याने उशा लावून त्यांना बसवलं. त्यांनी डबा उघडला, बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "तिच्यापेक्षा जराक जाड हायेत. चालतीन."

चिमटा धरणं त्यांना शक्य नव्हतं. मग पलंगाजवळ टेबल ओढून, त्यावर जबड्यासकट जहाज ठेवून मी बसले आणि ते सांगत गेले. "आंग टाकू नोका. श्वास धरा. डिंक कमी. आता ताणा... जास्त नाई, तुटते." पहिले कितीतरी तुटले. काका चिडले नाहीत, फक्त एकदा म्हणाले, "शाळेत पोराईचे कानबी असेच ओढता का?" दुपार सरली तेव्हा सगळ्या तारा बसल्या होत्या. पुतण्याने प्लास्टर फोडून जबडा उघडला आणि मी ते जहाज काकांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते खिडकीतल्या उन्हात धरलं. माझ्या तारा चमकल्या, आणि त्यांच्यामधे मागच्या खुर्चीजवळची ती एक.

काकांनी मागची खुर्ची आपल्याकडे वळवली. मग जहाज तोंडाजवळ नेऊन अगदी हळू म्हणाले, "आता हसून दाखव वं."

तो पावसाळा काकांनी पाहिला नाही. बाकीची जहाजं पुतण्याकडे आहेत, हे एक माझ्याकडे दिलं. माझ्या कपाटावर असतं. धूळ मी स्वतः फुंकरीने काढते, कुणाला हात लावू देत नाही. आता माझे केस पुरते पांढरे झालेत. मुलगी म्हणते, आई, रंग तरी लाव. मी लावत नाही. गुंतवळही फेकत नाही, डब्यात ठेवते. एखादी तार सुटली तर घरात असावी.