मिलिंदकाकांच्या रायफलीचा नवा दस्ता

माझे लेख तुम्ही वाचले असतील, तर बंदुकांबद्दल मी काय म्हणतो ते तुम्हाला ठाऊक आहे. पण आज जे लिहितो आहे ते त्या लेखांत कुठेच नाही. बाबांना नाही, रूममेटला नाही—चार वर्षं झाली, हे माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेलं नाही.

मी पत्रकांवर वाढलो. सांगलीत बाबांचा छोटा छापखाना. युनियनची पत्रकं, अणुबॉम्बविरोधी पत्रकं, धरणग्रस्तांची पत्रकं. त्यांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकलो. बंदूक साफ करणारा हातही गोळी झाडतच असतो—बाबांच्या एका पत्रकातलं हे वाक्य मी नवव्या वर्षी घडाघडा म्हणायचो. हे मुद्दाम सांगतो. मला कळत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

२००४ साली मी डॅलसजवळ मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करत होतो. इराकचं युद्ध चालू होतं आणि मी मराठी मंडळाच्या मासिकात दर महिन्याला आग ओकत होतो. शनिवारी जेवायला जवळच्या फ्रिस्को गावी, मिलिंदकाकांकडे. काका मूळ नागपूरचे, वीस वर्षं इथे, सॉफ्टवेअरमध्ये, सिटिझन झालेले. "काय बे कॉम्रेड, आज कोणाला खाली खेचलं?" असं म्हणत दार उघडायचे. शोभाकाकू माझ्यासाठी वेगळा डबा भरून ठेवायच्या.

त्या उन्हाळ्यात काकांनी एक जुनी रशियन लष्करी रायफल विकत घेतली. गंजू नये म्हणून वंगणाच्या ग्रीसने माखून कित्येक वर्षं कुठल्याशा कोठारात पडलेली. दस्ता लाकडाचा, जड, खांद्याच्या जागी झिजलेला. कोणाच्या खांद्यावर झिजला असेल? काकांना ते लाकूड नको होतं. त्यांनी काळा, हलका, प्लॅस्टिकचा नवा दस्ता मागवला. पण रायफलीचं सगळं लोखंड दस्त्याच्या पोटात बसतं; नवा दस्ता काही नुसता सरकवून बसत नाही—आतून घासावा लागतो.

"तू मेकॅनिकलवाला ना बे? मग दाखव कमाल."

मी काय करायला हवं होतं? डबा तिथेच ठेवून निघायला हवं होतं. मी कानस मागितली.

सलग तीन शनिवार दुपारी मी त्यांच्या गॅरेजमध्ये होतो. आणि खरं सांगतो—मला आवडत होतं. लोखंड हातात गार लागायचं. ग्रीसचा वास दोन दिवस बोटांना यायचा. त्याच बोटांनी मी 'घरातलं हत्यार' नावाचा लेख टाइप करत होतो. स्टुडंट व्हिसावर बंदुकीला हात लावलेला चालतो का, हे शोधायचीही माझी हिंमत झाली नाही. "माझं नाव कुठे घेऊ नका हं," एवढं मात्र मी काकांना सांगून ठेवलं. त्यांनी ते पाळलं. अजून पाळतात.

दस्त्यातल्या ज्या खाचेतून ट्रिगर खाली येतो, ती खाच मोठी करायची होती. जितकी हवी तितकी मी केली नाही. का? कारण बाजूला फट दिसली असती. मला काम घट्ट, नेटकं, बघणाऱ्याने वाहवा करावी असं हवं होतं. हलणाऱ्या भागाभोवती मोकळी जागा सोडायची, हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. स्क्रू सैल होते तोवर ट्रिगर मोकळा फिरत होता. स्क्रू आवळले की तो कडेला किंचित घासायचा. किंचितच.

मग मी रिकामी रायफल तपासली. बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा दांडा, पुढे ढकलून बंद केला. पुन्हा केला. पाचव्या की सहाव्या वेळी—ट्रिगरजवळ माझं बोट नसताना—आतून खट् असा आवाज आला.

मला कळलं होतं—हे नीट वाचा—त्याच क्षणी मला पूर्ण कळलं होतं. ट्रिगर खाचेत अडकून अर्धा मागेच राहिला होता. आत गोळी असती तर सुटली असती. पुन्हा दहा वेळा करून पाहिलं. आवाज आला नाही. तेवढ्यात काका आत आले.

"झालं का बे?"

पाच वाजता मंडळात माझं भाषण होतं. विषय शांततेचाच.

"झालं काका. एकदम फिट."

त्यानंतरचे पंधरा दिवस फोन माझ्या खिशात होता. एक वाक्य पुरलं असतं—काका, वापरू नका, परत खोलायची आहे. रोज वाटायचं, उद्या सांगू. मग 'घरातलं हत्यार' छापून आला, लोक रस्त्यात थांबवून हात मिळवायला लागले. आणि आता मी सांगणार होतो की त्या घरातल्या हत्याराला मीच हात लावलाय, आणि तोही चुकीचा?

काकांनी मित्राच्या शेतावर नेम धरायला बोलावलं, तेव्हा मी म्हणालो, "मी अशा जागी येत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे." ते हसले. "बरं बाप्पा, तू तत्त्व सांभाळ."

ते शेतावर गेले त्या सकाळी साडेदहाला गोळी त्यांच्या डाव्या बुटातून आरपार गेली. दोन बोटं गेली. रायफलचं तोंड खाली होतं म्हणून तेवढ्यावर भागलं. शोभाकाकू त्यांच्यापासून चार पावलांवर होत्या.

हॉस्पिटलमध्ये काकू रडत आणि चिडत होत्या. "यांनीच ट्रिगरवर बोट ठेवलं असणार. भान असतं का यांना कधी!"

"माझं बोट बाहेर होतं गं. मी फक्त बोल्ट बंद केला." काका हेच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत आरोप नव्हता, खरोखर विचारत होते. "तू सांग. तूच बसवली ना. अशी आपोआप उडू शकते का?"

तुम्ही माझ्या जागी—नको. तुम्ही माझ्या जागी नव्हता. मी होतो.

"नाही काका," मी म्हणालो. "आपोआप नाही उडत."

त्यांनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाले, "मग बोट माझंच असणार."

रायफल घरात नको म्हणून काकूंनी मला जुनं लाकूड परत बसवायला सांगितलं. काकांचा मित्र ती बंदुकांच्या दुकानात विकणार होता, आणि मूळ लाकडासकट किंमत बरी येते. काळा दस्ता काढला. खाचेच्या कडेला ट्रिगर घासून नखाएवढी चकचकीत रेघ उमटली होती. मी तो करवतीने कापला आणि तुकडे माझ्या अपार्टमेंटच्या कचऱ्यात टाकले.

आणि पुढच्या महिन्यात मी लेख लिहिला. हो, त्यांच्यावर. 'आपल्यातल्याच एका गृहस्थांनी' असं लिहून—ओळखायला कोणालाच वेळ लागला नाही. निष्काळजी हात, हत्याराचा मोह, सगळं लिहिलं. माझा सर्वांत गाजलेला लेख तो. मग काकांचा फोन आला.

"खरं लिहिलंस बे," ते म्हणाले. "मीच मूर्ख."

ते आता डावा पाय जरा ओढत चालतात. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे जेवायला पंधरावीस माणसं होती. काका कलिंगड कापायला उठले. काकूंनी सगळ्यांदेखत त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली. "तुम्ही राहू द्या. तुमच्या हातांचा भरवसा नाही." माणसं हसली. काकाही हसले, आणि खाली बसले.

काकूंनी सुरी माझ्या हातात दिली.

मी कलिंगड कापलं. सगळ्या फोडी सारख्या झाल्या.