तोंडातला ‘हो’

काटोलहून मला मुलाच्या फ्लॅटवर, बेसाला न्यायला गाडी आली, तेव्हा शेजारच्या कमलनं खिडकीतून तोंड आत घातलं आणि माझ्या सुनेला म्हणाली, “हिले आता काही समजत नाही वं. सांभाळजो.”

मला सगळं समजत होतं. तिच्या तोंडाचा खर्र्याचा, तंबाखू-सुपारीचा वासही येत होता. ‘बाजूला हो’ म्हणायला गेले, तर बाहेर पडलं, “चमचा.” ती हसली. मला किळस आली. तिची थोडी, माझ्या जिभेची जास्त.

लकवा झाल्यावर डॉक्टरांनी मुलाला समजावलं होतं. मेंदूत डावीकडे शब्द जुळून तोंडापर्यंत येतात, तिथलं रक्त अडलं होतं. ऐकून समजण्याचा भाग मागे असतो, तो बराचसा शाबूत होता. मुलानं मान हलवली आणि विसरला. बेसाच्या फ्लॅटमध्ये येणारे-जाणारे चहा पिता पिता माझ्यासमोरच माझ्या डायपरबद्दल बोलायचे.

एक दिवस दीर आले. “वहिनी, काटोलचं घर विकून टाकू ना? आता कोण राहते तिथं?”

मला ‘नाही’ म्हणायचं होतं. तोंडातून आलं, “हो, हो, हो.”

“पाहा! वहिनी सोताच हो म्हणून राहिली!” त्यांनी संत्राबर्फीचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला. मी तो थुंकून टाकला. सगळ्यांना वाटलं, हिला गिळता येत नाही.

पुढच्या आठवड्यात स्पीच थेरपिस्टनं मुलाला समोर बसवलं. “काकू, तुम्ही पुरुष आहात का?”

“हो,” तोंड म्हणालं. पण डावा हात जोरानं ‘नाही’ हलला.

“घर विकायचं?”

पुन्हा “हो.” हात मात्र थांबेना.

“आई, मंग तू तवा...” एवढंच म्हणून मुलानं तिथूनच दिरांना फोन लावला. व्यवहार मोडला. दीर तेव्हापासून येत नाहीत. बरंच आहे.

हळूहळू शब्द येऊ लागले. हेही मी अडखळत सांगतेय, सून लिहून घेतेय. बोलता येऊ लागल्यावर पहिला हट्ट काटोलचा धरला. मुलानं नेलं, तर तुम्ही काटोलच्या शेजारणी सगळ्याजणी अंगणात जमलात, प्रेमानंच. पण कुणी बहिऱ्याशी बोलावं तसं कानात ओरडत होतं, कुणी आपल्या पदरानं माझी लाळ पुसत होतं. मी एक वाक्य सुरू केलं, तर तिघींनी ते तीन तऱ्हांनी संपवलं. तिन्ही चूक. त्याच घरासाठी मी रडले होते! मुलाची बाही धरून म्हणाले, “बेसा. चल.”

इथं माझं वाक्य संपेपर्यंत सून हातातलं लाटणं तसंच धरून थांबते. तव्यावरची पोळी करपते. घर म्हणाल तर सध्या एवढंच.