हारवाल्याच्या पाकळ्या

असोद्याच्या बेबाबाईंच्या परसात नुसत्या शोभेचं एकही झाड नव्हतं. हादगा, भोपळ्याचा वेल आणि गुलकंदासाठी लावलेले देशी गुलाब. फवारणीचा पंप त्यांनी कधी कुंपणाच्या आत येऊ दिला नाही. हादग्याच्या फुलातला कडू दांडा काढणं, भोपळ्याच्या फुलांतल्या मुंग्या झटकणं, सगळं त्या स्वतः करत. दोन वर्षांपासून जळगावचा केटरर नवल त्यांच्याकडून फुलं नेत होता.

मार्गशीर्षात जळगावच्या कमलबाईंनी सुनेचं, रूपालीचं डोहाळजेवण केलं. फुलांची भजी, फुलांची भाजी, श्रीखंडावर गुलाबाच्या पाकळ्या. जेवण नवलचंच. संध्याकाळी रूपालीला उलट्या सुरू झाल्या, दवाखान्यात न्यावं लागलं. आणखी चार बायका आजारी पडल्या.

फुलं कुणाकडची ते नवलकडून कळल्यावर दुसऱ्या दिवशी कमलबाईंनी थेट बेबाबाईंना फोन केला. "माझ्या सुनेच्या जिवावर उठलात तुम्ही!"

"काय खाल्लं तिनं? कोनती फुलं?" बेबाबाई विचारत राहिल्या. फोन बंद झाला होता.

दोन दिवसांत रूपाली सावरली, पोटातलं बाळही सुखरूप होतं. पण तोवर असोद्यापर्यंत बभ्रा झाला होता. बेबाबाईंचे यजमान जीवरामभाऊ म्हणाले, "जाऊ दे ना. पोरगी बरी हाये."

"पोरगी बरी हाये म्हनून मी विष घालनारी झाली का?"

शेजारणीच्या मोबाईलवर त्या पंगतीचा फोटो आला होता. बेबाबाईंनी तो डोळ्यांजवळ धरला. श्रीखंडावरच्या पाकळ्या गडद लाल होत्या, जाडजूड. त्यांचे गुलाब फिके गुलाबी. त्यांनी पिशवीत आपल्या पाकळ्या भरल्या आणि मिळेल त्या बसने जळगाव गाठलं.

नवलच्या भटारखान्यात पाच-सहा माणसं भाजी चिरत होती. बेबाबाईंनी सगळ्यांसमोर पिशवीतल्या मूठभर पाकळ्या तोंडात घातल्या, चावल्या, गिळल्या.

"ह्या माह्या. आता तुह्या त्या लाल पाकळ्या आन. अन् माह्यासमोर खाय."

नवलने माणसांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मावशी, तुमच्या कमी पडल्या. ऐनवेळी हारवाल्याकडून आणल्या. धुतल्या होत्या."

"हारवाला गळ्यात घालाले इकतो, पोटात घालाले नाही! काय काय फवारेल असते त्याच्यावर! पोटुशी बाई व्हती रे ती!"

"मी कमलबाईंना समजावतो. तुम्ही घरी जा."

"आत्ता लाव फोन. मोठ्या आवाजात लाव."

नवलने फोन लावला, अडखळत सगळं सांगितलं. मग कमलबाईंचा आवाज आला, "नवलभाऊ, हे आधी सांगायचं होतं." एवढंच.

"बेबाबाई इथंच आहेत," नवल म्हणाला.

फोन बंद झाला.

बेबाबाई असोद्याला परतल्या. त्यानंतर नवलने फुलांसाठी दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा त्यांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं.

पंधरा दिवसांनी रूपालीचा फोन आला. तिला रडू आवरत नव्हतं. "मावशी, मी सासूबाईंना किती सांगितलं, त्या ऐकत नाहीत. त्यांच्या वतीनं मीच माफी मागते."

"तुह्यावर काहीच राग नाही, माय. जिवाले जप, येळेवर जेव," बेबाबाई म्हणाल्या. "पन तुह्या सासूले सांगजो, मी वाट पाहून राह्यली. तिनं सोता यावं."