शंखात राहणारे मासे

आज शंखात राहणाऱ्या माझ्या माशांच्या टाकीसाठी नवे शंख उकळायला ठेवले आणि भाईंदरच्या फ्लॅटमध्ये आमच्या पाली गावच्या किनाऱ्याचा वास पसरला.

पहिले शंख बाबांनीच पालीहून आणले होते. पुढे एकदा जन्मभर मासेमारी केलेले बाबा टाकीसमोर बसून त्या बोटभर माशांना हसत होते, "बाय, ही तर तळायला पन पुरायची न्हाय." एक शंख सरळ करायला त्यांनी पाण्यात हात घातला, तर त्यात राहणारी इवलीशी मादी थेट बोटावर धावून आली. शंखाच्या तोंडाशी तिची कणीएवढी पिल्लं होती.

बाबांनी हळूच हात काढला. होडीवर ओरडून बोलायची सवय असलेला तो माणूस आईला फोन लावून कुजबुजला, "आपून जन्मभर मासली मारली. आपली पोरगी ती वाढवते हाय."

तेव्हा मला त्या कुजबुजण्याचं हसू आलं होतं. आता टाकी बघायला कुणी आलं, की ते वाक्य मीही तसंच हळू आवाजात सांगते.