टेकडीतलं पाणी कोणाच्या विहिरीत?

"रस्ता झाला का माही इहीर आटते. लिहून घ्या मॅडम," असं म्हणून वंदनाताई खाली बसल्या. समाजमंदिरात रस्त्याची जनसुनावणी भरली होती, तिथे कुजबुज सुरू झाली.

गाव उंद्रीच्या पुढचं. चिखलीकडे जाणारा रस्ता रुंद आणि सरळ व्हायचा होता. एक मोठं वळण टाळण्यासाठी टेकडी मधोमध कापायची होती. याला आमच्याकडे कटिंग म्हणतात. अशा कामाचा आसपासची झाडं, पाणी, माणसं यांच्यावर काय परिणाम होईल, हे काम सुरू होण्याआधी शोधायचं असतं. त्याचं सरकारी नाव पर्यावरण आघात मूल्यांकन. आम्ही नुसतं ईआयए म्हणतो. माझं शिक्षण भूगर्भशास्त्राचं, त्यामुळे पाण्याचा भाग माझ्याकडे.

वंदनाताईंच्या मागोमाग त्यांचे दीर प्रल्हादभाऊ उठले. "वहिनीचं मनावर घेऊ नका. टमाटे चिखलीले नेता नेता अर्धे फुटून जातात. रस्ता पायजेच." शेताच्या वाटणीपासून दोघांचं बोलणं बंद होतं, हे मला शेजारच्या बाईंनी हळूच सांगितलं.

बाहेर आल्यावर डेप्युटी इंजिनिअर म्हणाले, "मॅडम, एका विहिरीसाठी डिझाइन अडवू नका. त्यांची विहीर टेकडीपासून किती लांब आहे, ते तरी बघा."

"तेच बघायचंय," मी म्हणाले. खरंच नवल वाटत होतं. नाल्याच्या काठच्या बाईला दूरच्या टेकडीची काळजी का?

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेतात गेले. का वाटतं तसं, असं विचारलं. "माहे सासरे सांगत, टेकडी हाय म्हनून पानी हाय." याहून जास्त त्यांना सांगता येईना.

मी विहिरीतलं पाणी काढून टीडीएस मीटर बुडवलं. पाण्यात क्षार किती विरघळलेत, ते यावर दिसतं. फिल्टर बसवणाऱ्यांकडे असतं तसंच. आकडा बराच वर होता. मग नाल्याच्या डोहातलं पाणी तपासलं. आकडा जवळपास तोच. विहिरीची खोली, उतार, सगळं जुळत होतं. ही विहीर नाल्यावर जगत होती. टेकडी कापली तरी तिला फरक पडणार नव्हता. हरकत रिपोर्टात दोन ओळींत संपली असती.

निघताना वंदनाताईंनी पाणी दिलं. मी एक घोट घेतला आणि थांबले. पाणी गोड होतं.

"हे या विहिरीचं नाही."

"नाई. हे मचूळ हाय. प्याचं पानी प्रल्हादच्या इहिरीवरून आनतो."

"तुम्ही तर बोलत नाही ना?"

"पान्यासाठी काऊन बोलाव लागते? मी घागर घेऊन गेली का तो मोटर चालू करते अन् दुसरीकडं पाह्यते."

त्यांच्या तांब्यातल्या उरलेल्या पाण्यातच मी मीटर बुडवलं. क्षार फारच कमी. मग मी थेट प्रल्हादभाऊंचं शेत गाठलं. ते टेकडीच्या उतारावर होतं.

"माही इहीर कायले पाह्यता? म्या तं हरकत घेतली नाई," ते म्हणाले.

विहिरीत वाकून पाहिलं. वर काळा दगड, खाली काळा दगड, मधे विटकरी रंगाचा पट्टा. आपल्याकडचा दगड लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. दोन थरांच्या मधे कधी कधी अशी लाल माती दबलेली असते. ती पाण्याला खाली जाऊ देत नाही. पाणी तिच्यावरून सरकत जातं आणि वाट मिळेल तिथे बाहेर येतं. या विहिरीत ते पट्ट्याच्या वरच्या कडेनं थेंबथेंब गळत होतं.

टेकडीच्या पलीकडे कुणी मुरूम खणला होता. तिथेही तोच लाल पट्टा उघडा पडलेला दिसला. ऑटो लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावून दोन्हीकडची उंची काढली आणि कटिंगच्या ड्रॉइंगशी ताडून पाहिली. पट्टा किंचित विहिरीकडे उतरत होता आणि रस्त्याचा तळ पट्ट्याच्या खाली जात होता. म्हणजे टेकडी कापली की पाणी विहिरीपर्यंत पोचायच्या आतच रस्त्याच्या गटारात पडणार.

प्रल्हादभाऊंना हे सांगितलं. ते बांधावर बसले.

"म्हंजे रस्ता मांगून म्या माह्याच इहिरीचं पानी तोडलं," ते म्हणाले. मग उठत, "रस्ता रद्द नका करू मॅडम. पन पानी बी जाऊ देऊ नका."

डेप्युटी इंजिनिअरांपुढे ड्रॉइंग पसरलं. "रस्ता वर उचलला तर चढ वाढतो," ते म्हणाले. "भरलेले ट्रक धापा टाकतील."

"जमेल तेवढा उचला. तरीही जे पाणी फुटेल ते कटिंगच्या आधारभिंतीमागे गिट्टी भरून गोळा करू आणि रस्त्याखालून पाईपनं विहिरीकडे देऊ."

त्यांना ते पटत होतं असं वाटलं. "पण या विहिरीबद्दल हरकत कोणाची आहे?"

"कोणाचीच नाही."

"मग मी वरती काय सांगू?"

त्याच आठवड्यात वंदनाताईंना भेटून सांगितलं की तुमची विहीर सुरक्षित आहे, धोका प्रल्हादभाऊंच्या विहिरीला आहे, तेव्हा तुमची हरकत निकाली काढते. त्या विचारात पडल्या. म्हणाल्या, "खोडू नका. फक्त इहिरीचं नाव बदला."

बदललेल्या हरकतीवर त्यांनी अंगठा नाही, चक्क सही केली. खाली प्रल्हादभाऊंचीही सही आली, वेगळ्या दिवशी, वेगळ्या पेनानं. इंजिनिअरांना वरती सांगायला कारण मिळालं.

रस्ता थोडा उचलला गेला. कटिंग सुरू झाल्यावर आम्ही नकाशात न दाखवलेल्या एका भेगेतूनही पाणी आलं, तेव्हा पाईप तिथपर्यंत लांबवला. पुढच्या उन्हाळ्यात मी मुद्दाम गेले. प्रल्हादभाऊंच्या विहिरीची पातळी आधीपेक्षा खाली होती, पण विहीर आटली नव्हती. पाणी पुरेना म्हणून त्यांनी वांग्यांचा एक तुकडा पडीक ठेवला होता. टमाटे मात्र चिखलीला सगळे धड पोचत होते. दीर-भावजय बोलायला लागले का, हा प्रश्न ईआयएच्या कक्षेत येत नाही, म्हणून मी विचारला नाही.

हरकत घेणाऱ्याची विहीर सगळेच पाहतात. त्यानंतरच्या प्रत्येक कामात मी गप्प बसलेल्यांच्या विहिरी आधी पाहते. त्यात वेळ जातो आणि क्लायंट कुरकुरतात, पण पाण्याला कोण रस्त्याच्या बाजूनं बोललं ते कळत नाही.