मळीचा वास

काल दवाखान्यात रक्त घेण्याआधी नर्सनं हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला, आणि मला कऱ्हाटी गावातल्या आमच्या घरातली, नव्वद सालानंतरची एक संध्याकाळ आठवली.

तेव्हा मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते. साखर काढून उरलेला काळा पाक, म्हणजे मळी, मोठमोठ्या टाक्यांत यीस्ट घालून आंबवायची आणि तिच्यातून स्पिरिट काढायचं. टाक्यांचं तापमान बघणं, नमुने तपासणं हे माझं काम. तिथं मी एकटीच बाई. आंबलेल्या मळीचा वास केसांत मुरायचा. एसटीत शेजारची बाई उठून दुसरीकडं जाऊन बसायची.

त्या दिवशी मला बघायला इंदापूरकडचे पाहुणे आले होते. मी शिकेकाईनं दोनदा न्हाले होते, तरी मुलाच्या आईनं नाकाला पदर लावला.

"पोरगी दारूच्या कारखान्यात हाय व्हय?"

"दारू न्हाय, स्पिरिट हाय," माझे वडील, आबा, म्हणाले. "औषधाला लागतं."

"लग्नाआधी सोडंल नव्हं नोकरी?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले.

नंतर घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. मी पडवीत ओल्या केसांनी बसून होते. आबा बाहेर आले आणि सायकलच्या चाकात हवा भरत म्हणाले, "उद्या सकाळची पाळी हाय ना? स्टँडवर सोडतो."

ते आणखी काहीच बोलले नाहीत, याचा मला केवढा राग आला होता! पुढं मी एकटीच राहिले, नोकरी शेवटपर्यंत केली. आबा गेल्यावर उमगलं, त्या दिवशी माझ्या बाजूनं बोललेला तो एकच माणूस होता.