पान लागलं

मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली मी नव्वदीच्या दशकाच्या शेवटी पुण्याहून अवसरीत सून म्हणून आले. माणूस भीतीतून शिकलेलं सहजी विसरत नाही, हे परीक्षेत झकास लिहिलं होतं मी.

एका दुपारी सासूबाई उसातून बाहेर आल्या आणि बांधावर बसल्या. "पान लागलंय. भाऊला हाक मार," म्हणाल्या. भाऊ म्हणजे माझे दीर. उसाचं पान ब्लेडसारखं कापतं, माझे हात ओरखड्यांनी भरलेले. मनात म्हटलं, एवढ्याशा पानाचं काय कौतुक! हळद आणून पायाला लावली, वर सुनावलं, "मला रोज लागतं, मी बसते का?" त्यांच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. मला वाटलं, रुसल्या.

बऱ्याच वेळानं दीर उसाला पाणी देऊन आले. "पान लागलंय यांना," मी म्हटलं. त्यांच्या हातातलं खोरं गळालं. "कवा?"

तेव्हा कळलं. इथं साप चावला असं म्हणत नाहीत. नाव घेतलं की विष चढतं म्हणे, म्हणून पान लागलं म्हणायचं. आणि मी शहाणी हळद लावत बसले होते.

जीपमध्ये सासूबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मंचरच्या दवाखान्यातले डॉक्टर परगावचे. काय झालं विचारल्यावर सासूबाई जड जिभेनं पुटपुटल्या, "पान." दीर खाली मान घालून गप्प. मी ओरडले, "साप चावलाय!" दिरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच विष चढवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तिसऱ्या दिवशी त्या उठून बसल्या. हळदीचं कधीच कुणाला बोलल्या नाहीत.

पुढं माझी मुलगी सात वर्षांची असताना उसातून पळत आली. "आई, पान लागलं." मी तिचा पाय धरला, दातांची खूण शोधायला लागले. साप होता का, एवढंच विचारायचं होतं, पण तो शब्द तोंडातून निघेना. बी.ए. झालेली मी नुसता पाय चाचपत राहिले.

मागून सासूबाई आल्या आणि नातीसमोर बसल्या.

"साप व्हता का पान? नीट सांग बाई. नाव घ्यायला भ्यायचं न्हाई."